खालचा पाणवठा

नवदीक्षित कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातील वडीलधारे माणूस गेले, अंत्यविधी बौद्ध पद्धतीने पार पडला, त्रिशरण-पंचशील म्हटले गेले. आता रक्षेचे काय करायचे? जुन्या वळणाप्रमाणे ती नदीत सोडायची की नाही? बहुतेक कार्यकर्ते याचे उत्तर एका वाक्यात देतात : ते जुने कर्मकांड आहे, सोडून द्या. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. रक्षा नदीत सोडायचे बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी फवारणीचा पंप त्याच नदीच्या डोहात धुतला, तर आपण सोडले ते काय? नदी देवता नाही, हे आपणांस कळले, बरे झाले. परंतु देवता नसलेल्या नदीशी माणसाने कसे वागावे, हा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. देव मानणाऱ्याला निदान देवाची भीती असते. ज्याने देव सोडला त्याला पाणी राखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे, असे बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात सांगितले. मग पाण्याच्या बाबतीत ही नीती काय सांगते?

आपल्या समाजाला पाण्याचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही. आजोबा-पणजोबांच्या काळातील गाव डोळ्यांसमोर आणा. गावाशेजारून नदी किंवा ओढा वाहतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला गावाचा पाणवठा. त्याच्या खाली गुरे पाण्यावर जात, धुणी धुतली जात. आणि त्याच्याही खाली, जेथे हे सारे वाहून येई, तेथे आमचा पाणवठा. आमच्या आया-आज्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीने घागर भरत. सर्वच गावांत अगदी असेच होते असे नाही, पण ज्यांनी हे सोसले त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. जातीची उतरंड आणि पाण्याचा उतार या गावांत एकाच दिशेने जात होते. वरच्याने टाकायचे आणि खालच्याने प्यायचे, हा गावगाड्याचा न लिहिलेला नियम होता.

हा नियम मोडण्यासाठी महाड झाले. ते केवळ सत्याग्रह म्हणून आपण जाणतो, पण त्यातील तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबई विधिमंडळाने तो १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क मिळाला, पण पाणी कोणी पिऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, आणि मग सनातनी मंडळींनी तळे 'शुद्ध' केले. १०८ घागरी पाणी उपसून काढण्यात आले आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही सोडण्यात आले. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

या शुद्धीकरणापाशी थोडे थांबू या. पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात शेण आणि मूत्र कालवले, आणि त्या कृत्याला शुद्धी असे नाव दिले. माणसाच्या हाताने पाणी बाटले. शेणाने ते स्वच्छ झाले! विज्ञानाचा साधा शिक्षकही सांगेल की येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. एक आहे विटाळ, दुसरी आहे घाण. विटाळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याने कोणाला हगवण लागत नाही, कावीळ होत नाही; तो केवळ मनात असतो. घाण मात्र खरी असते, तिच्याने मुले दगावतात. ज्या समाजाने विटाळाचा एवढा धाक बाळगला तो घाणीच्या बाबतीत बेफिकीर राहिला, हे मला योगायोगाने घडले असे वाटत नाही. विटाळाची भीती असणारा माणूस सावली पडली की अंग धुतो, आणि अंग धुतलेले पाणी कोठे जाते याचा विचार करीत नाही. ते खालच्याकडे जाते, एवढे त्याला पुरेसे असते. आणि गटार तुंबले तर ते काढायला एक जात जन्मानेच नेमलेली असते. हाताने मैला काढण्याच्या प्रथेवर २०१३ मध्ये संसदेने पुन्हा कडक कायदा केला. तरीही भूमिगत गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरून गुदमरणारी माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. घाण करणारा आणि घाण काढणारा ही दोन माणसे वेगळी असली की घाण करणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मी असे म्हणतो की नद्यांची आजची दशा आणि जातिव्यवस्था यांचे मूळ एके ठिकाणी पोचते.

पावित्र्याने पाणी राखले जात नाही, याचा पुरावा पाहण्यासाठी आपणांस बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. लोणारचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले ते विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय पूर्वी पन्नासएक हजार वर्षे मानत, अलीकडील मापनाने ते साडेपाच लाखांच्या पुढे गेले आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली, पण लोकांना ते त्यापूर्वी शेकडो वर्षे ठाऊक होते. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त लोणारच्या क्षाराचा उल्लेख काच आणि साबण यांच्या संदर्भात आहे. साध्या पाण्याचा सामू ७ असतो, लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास. अशा पाण्यात इतरत्र न आढळणारे सूक्ष्म जीव राहतात. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावोगावी चमत्काराच्या गोष्टी निघाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव बळावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला तो रंग आला. चमत्कार एका नमुन्याच्या बाटलीत मावला. (वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांना चमत्कारापेक्षा ती बाटलीच अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.)

लोणारच्या काठी मंदिरे आहेत, धारेचे स्नान पुण्याचे मानले जाते, कमळजादेवीची यात्रा भरते. म्हणजे पावित्र्याला काही कमी नाही. तरीही वरच्या काठावरील गावाचे सांडपाणी उतारावरून विवरात जात राहिले. शेतांतील खते आणि औषधे पावसाबरोबर उतरत राहिली, आणि जी धार पवित्र तिच्या पाण्याबरोबर साबणाचा फेसही खाली गेला. हे थांबवण्यासाठी २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल करावी लागली आणि न्यायालयाला वेळोवेळी आदेश द्यावे लागले. शासनाने २००० मध्ये तेथे वन्यजीव अभयारण्य जाहीर केले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील ते दुसरे. या सरोवराची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. त्याच्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाऊस पडतो, झरे येतात, आणि पाणी केवळ वाफ होऊन जाते. जे मिसळलेले असते ते मागे राहते. नदीकाठी राहणारा माणूस म्हणू शकतो की माझी घाण वाहून गेली. लोणारकाठी राहणाऱ्याला तेही म्हणता येत नाही.

वस्तुतः नदीकाठच्यालाही ते म्हणता येऊ नये. कारण वाहून गेली म्हणजे कोणाकडे तरी गेली. मी शाळेत भूगोल शिकवतो. बुलढाण्याला समुद्र नाही, म्हणून समुद्राच्या रक्षणाचा धडा आला की मुले पाने उलटू लागतात. तेव्हा मी त्यांना फळ्यावर आपला जिल्हा काढून दाखवतो. अजिंठ्याची डोंगररांग आपल्या जिल्ह्यातून जाते. तिच्या दक्षिण उतारावर, बुलढाणा शहरापासून जवळच पैनगंगा उगम पावते; ती वर्धेला मिळते, तेथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. उत्तर उतारावरचे पाणी नळगंगेसारख्या नद्यांनी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवपाशी तापीला मिळते, आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. एकाच पावसाचे दोन थेंब, एक डोंगराच्या अलीकडे पडला आणि एक पलीकडे, तर ते हिंदुस्थानच्या दोन निरनिराळ्या किनाऱ्यांना जातात. त्यांच्याबरोबर आपली प्लॅस्टिकची पिशवी आणि कपाशीवरचे औषधही जाते. त्या किनाऱ्यांवर कोळी आहेत, मासे विकून पोट भरणाऱ्या बाया आहेत. त्यांनी आपल्याला पाहिलेले नाही. आपण त्यांच्या वरच्या अंगाला राहतो.

तेव्हा आपण ज्या समाजातून आलो तो पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पाणवठ्याचा. आता नळ आला, शिक्षण आले, काहींच्या हाती थोडी शेती आली, नोकरी आली. पाण्याच्या नकाशावर आपणही कोणाचे तरी 'वरचे' झालो आहोत. वरचा झाल्यावर खालच्याशी कसे वागायचे? जसे आपल्याशी वागले गेले तसे?

या प्रश्नाला बुद्धचरित्रात जे स्थान आहे ते फार थोड्यांच्या लक्षात येते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहिले म्हणून, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. बाबासाहेबांनी ती नाकारली आणि रोहिणी नदीचा प्रसंग पुढे आणला. शाक्य आणि कोलिय या दोन राज्यांच्या मधून रोहिणी वाहत होती, दोघेही तिचे पाणी शेतीला घेत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उभा राहिला आणि त्याने दुसरा ठराव मांडला : आपल्यातील दोन आणि कोलियांतील दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव पडला. युद्धाला विरोध केल्याबद्दल कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्तीची धमकी आली, तेव्हा त्याने स्वतःहून परिव्रज्या स्वीकारली. म्हणजे बाबासाहेबांच्या मते धम्माच्या उगमापाशी पाण्याचा एक तंटा आहे. त्या तंट्यात सिद्धार्थाने पाणी कोणाचे याचा निवाडा दिला नाही. त्याने एवढेच सांगितले की दोन्ही काठांची माणसे एका ठिकाणी बसली पाहिजेत.

पुढे संघाचे नियम झाले त्यांतही पाणी आहे. आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा नियम विनयात आहे. जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून वापरणे हा दोष मानला आहे, आणि भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि पात्राबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही मोजले आहे. ज्याच्याजवळ आठच वस्तू असायच्या त्याच्या आठांतील एक पाण्यासाठी! येथे नदीची पूजा नाही, तिला आई म्हणणे नाही. खाली पिणारा माणूस आहे आणि पाण्यात राहणारा जीव आहे, एवढेच कारण पुरेसे धरले आहे.

बाबासाहेबांनी हाच विचार राज्यकारभारात आणला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर नदीला १९४३ मध्ये मोठा पूर आला. पूर बंगालमध्ये, पण धरणांच्या जागा बिहारमध्ये. प्रत्येक प्रांताने आपल्यापुरता विचार केला असता तर काहीच झाले नसते. नदी प्रांताच्या हद्दी पाहत नाही, सबंध खोरे एक धरून योजना आखली पाहिजे, हे धोरण त्या काळात आकाराला आले. जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनाचा केंद्रीय आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला. आपल्या मिरवणुकांत बाबासाहेबांच्या हाती संविधान असते, ते योग्यच आहे. पण त्यांच्या टेबलावर नद्यांचे नकाशेही होते. त्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराबाबत भेदभावाला बंदी आहे. महाडचा विजय तेथे कायमचा लिहिला गेला. पुढे १९७६ मध्ये ५१-क हा अनुच्छेद आला. त्यात नागरिकाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया हे त्यांतील एक. पहिला अनुच्छेद आपल्या मुलांना पाठ असतो. दुसरा क्वचितच.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. "मास्तर, घाण करतात कारखाने आणि मोठी शहरे. आम्ही दोन खोल्यांत राहणारी माणसे. आम्हालाच उपदेश का?" हे खरे आहे. सर्वांचा दोष सारखा नाही, आणि सारखा आहे असे सांगणारा माणूस बड्यांना पाठीशी घालत असतो. याच न्यायाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तलाव-नद्यांतील गाळ काढून तो महामार्गाच्या भरावाला वापरायचा आणि साठा वाढवायचा, हा 'बुलढाणा पॅटर्न' देशात वाखाणला गेला. धरणांतील सुपीक गाळ शेतात टाकण्याची योजनाही राज्याने २०१७ मध्ये सुरू केली. कामे चांगली आहेत. पण गाळ ज्याच्याजवळ शेत त्याला, वाढलेले पाणीही शेत असणाऱ्याला. भूमिहीनाच्या वाट्याला काय आले, हे ग्रामसभेत कोणी विचारले काय? पाण्याचे रक्षण म्हणताना वाटपाचा प्रश्न बाजूला ठेवला तर पुन्हा खालचा पाणवठा तयार होतो, फक्त या वेळी तो यंत्राने खणलेला असतो.

तथापि आक्षेप खरा असला तरी त्यातून सुटका निघत नाही. आमचा दोष थोडा, हे म्हणणे वेगळे. आमच्या खाली कोणी नाही, हे म्हणणे वेगळे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तो अमरावती, अकोला आणि आपल्या जिल्ह्यात पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांच्या विहिरींना खारे पाणी लागते. ते क्षार जमिनीच्या जुन्या थरांतले आहेत, कोणी दुष्टाव्याने टाकलेले नाहीत. पण मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी तेथे वर्षानुवर्षे आहेत, आणि गोड पाणी दुरून नळाने आणावे लागते. अशा गावाला वरून येणारा नाला स्वच्छ असणे ही चैन नाही. तेथे कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे लोक राहतात हे पाहून आपण नाला स्वच्छ ठेवायचा काय? ज्यांनी आमचे पाणी तोडले त्यांचेही नातू तेथे राहत असतील. धम्माची परीक्षा असेल तर ती येथे आहे, आणि ती सोपी नाही हे मी जाणतो.

आणखी एक खालचा पाणवठा पुढे येऊ घातला आहे, आणि या वेळी त्यावर आपण स्वतः आहोत. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे पाणी चारशेहून अधिक किलोमीटर कालव्यांनी विदर्भ ओलांडून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत आणायचे आहे. आता पाहा : नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत जाते, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि या नाग नदीचा उल्लेख केला होता. दरवर्षी आपण लाखोंनी दीक्षाभूमीवर जातो, आणि त्या लाखांमागे जे कागदी पेले, पत्रावळी, बाटल्या पडतात त्या मी पाहिल्या आहेत. ज्या नदीच्या नावाशी आपला इतिहास जोडलेला आहे तिचे गटार झाले आहे, आणि तेच पाणी उद्या कालव्याने आपल्या तालुक्यात येणार आहे.

आता रक्षेच्या प्रश्नाकडे. काही कुटुंबांनी ती स्वतःच्या शेतात किंवा स्मशानाच्या कडेला खड्डा करून पुरली आणि वर झाड लावले. मला ही रीत योग्य वाटते. अट एकच की झाड जगवायचे. पण खरे सांगायचे तर मूठभर रक्षेने नदीचे जेवढे बिघडते त्याच्या कितीतरी पट घराच्या मोरीने बिघडते. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून घरोघर नळ पोचत आहे. जितके पाणी आत येते त्यातील बरेचसे मोरीतून बाहेर जाते, गल्लीतून नाल्याला आणि नाल्यातून नदीला. नळाची मागणी आपण मोर्चे काढून केली. मोरीचे पाणी जिरवण्यासाठी घरामागे दगड-विटांचे तुकडे भरून चार फुटांचा शोषखड्डा करायला मोर्चा लागत नाही. मात्र तो विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर घ्यावा. गल्लीच अरुंद असेल तर चार घरांनी मिळून एक करावा. ज्या गावात वस्तीला जागाच नाही तेथे ग्रामपंचायतीला विचारावे की सार्वजनिक खड्डा आमच्या वस्तीत का नाही, आणि गावाचे गटार आमच्याच वस्तीजवळ का सोडले आहे. दोन्ही प्रश्न एकाच अर्जात लिहिता येतात.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि बहुतेक विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन लागते. रोहिणीचा प्रसंग पहिल्याच खंडात आहे, तो पहिल्या काही दिवसांतच येईल. त्या सुमारास आपल्या ओढ्यांना नुकते पाणी आलेले असते, आणि वर्षभर साचलेले जे काही असते ते घेऊन ते खाली निघालेले असतात. वाचन संपल्यावर अर्धा तास हाती राहिला तर मुलांना बरोबर घेऊन ओढ्यापर्यंत जावे आणि आपल्या वस्तीचे पाणी त्याला कोठे मिळते, ती जागा त्यांना दाखवावी. पुढचे गाव तेथून फार दूर नसते.